कुंभारीण माशी आणि लाल टोपणे

मित्रांनो, अंगावरची काजळी पाहून मला कुणी चुलीवरचे पातेले म्हटले, तरी मी रागावत नाही. मी एक जुना अग्निबाण आहे. खरे तर अग्निबाणाचा खालचा, मोठा भाग. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर राहतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाकडे सामानाचे यान ढकलून द्यायचे आणि आपण माघारी येऊन पायांवर उभे राहायचे, हे माझे काम.

पहिल्यांदा परतलो तेव्हा माणसे नाचली होती. पुढे पुढे मी उतरलो, तरी कुणी हातातली उकडलेल्या शेंगांची पिशवी खाली ठेवीना. ओझेला मात्र दर वेळी येई. ही माझी तपासणी करणारी बाई. काजळीवरून हात फिरवून म्हणे, "आलास का रे बाबा? बघू, कुठे लागलंय का?"

एकदा स्थानकावरचे पाणी शुद्ध करणारे यंत्र बंद पडले. वरची चार माणसे साठवणीचे पाणी जपून पीत होती. नवा पंप मीच पोहोचवायचा होता. पण वादळी पाऊस आला, उड्डाण लांबले आणि मला शेडमध्ये आडवे निजवले.

हवेचा दाब मोजणाऱ्या माझ्या बारीक नळ्यांच्या तोंडांवर लाल टोपणे असतात. उड्डाणाआधी ती काढतात. या वेळी ती काढून झाली होती. तुकडीचा मुकादम रॅन्डल म्हणाला, "परत काढायचीच आहेत, मग लावता कशाला? हा गडी वाट तोंडपाठ करून बसलाय."

टोपणे खुंटीवरच राहिली. पाऊस काही हटेना.

अखेर आभाळ निवळले. मला उभे करायच्या आधी ओझेलाला एक कुंभारीण माशी दिसली. चिखलाची गोळी घेऊन ती माझ्या नळीत शिरत होती.

"रॅन्डल, इकडे ये. पाहुणी आलीय."

"अगं, माशी ती! तिच्यासाठी उड्डाण थांबवू?"

"तिनं आत घर लिंपलंय. दाब चुकीचा कळला तर हा वर बिचकेल नि पंप समुद्रात जाईल. मग त्या चौघांना पाणी पाजायला तू जाणार?"

रॅन्डलने बॅटरीच्या उजेडात पाहिले. त्याचा चेहरा पडला. "साहेब फाडून खातील गं."

"खाऊ देत. ओरडा खाल्ल्यानं कुणी मरत नाही. तहानेनं मरतं."

त्याने फोन लावला. "टोपणं मीच लावू दिली नाहीत," असे सरळ सांगितले. त्या दिवशीचे उड्डाण रद्द झाले. सगळ्यांनी मिळून एकेक नळी साफ केली.

दुसऱ्या दिवशी मी झेपावलो. यान वर सोडले, वळलो, खाली आलो. जमिनीजवळ वाऱ्याने जोराचा धक्का दिला, पण नळ्यांनी दाब बरोबर सांगितला आणि माझे पाय अलगद टेकले.

वरचा पंप सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा ओझेला शिडीवर चढत होती. "थांब, ते माझं काम," म्हणत रॅन्डलने खिशातून लाल टोपणे काढली.

"घट्ट बसव हो. पाहुणीला जागा आवडलीय."

मित्रांनो, मला अजून पुष्कळ फेऱ्या करायच्या आहेत. कौतुक करायचे राहून गेले तरी चालेल. पण जे कुणी दर वेळी मुकाट्याने परत येते, त्याच्या अंगावरून एकदा हात फिरवा आणि विचारा, "कुठे लागलंय का?"