वेल उचलायचे राहून गेले

"इथे नुसती काठी रोवलीस तरी तिला पालवी फुटेल, बाय," असं प्लासिड अंकलनी नेहलला पहिल्याच रविवारी ऐकवलं होतं. होळी गावातली त्यांची वाडी होतीच तशी, काळीभोर, भुसभुशीत!

नेहल आचोळ्याच्या बिल्डिंगमधली, नववीतली, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेली मुलगी. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला लाल आणि पांढरी अशी दोन जातींची रताळी तीन ठिकाणी लावायची होती. अर्नाळ्याला मैत्रिणीच्या अंगणातल्या वाळूत, आचोळ्याला बिल्डिंगमागच्या भरावात आणि इथे. कुठे कोणती जास्त लागतात, एवढंच बघायचं. अंकलनी दोन सऱ्या दिल्या आणि पैज जिंकल्यासारखे हसले.

बायको, तेरेसा, गेल्यापासून वाडीत दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. परदेशातून मुलाचा, फ्लॉईडचा फोन यायचा, तोही "पप्पा, जेवलात ना?" एवढ्यावर संपायचा. आता मात्र रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की अंकल खुर्ची फाटकाकडे तोंड करून ठेवत. नेहल यायची, वेल मोजायची, चहात पाव बुडवत जगभरचं सांगायची आणि पळायची. मग आठवडाभर अंकल बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या लहानशा तळ्यातलं पाणी कळशीने आणून वेलांना पाजत. वेल असे माजले की पायवाटही दिसेना.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी काढणी ठरली. बाकी दोन्हीकडची रताळी नेहलने आधीच काढून, तोलून ठेवली होती. अंकलनी ऐटीत कुदळ मारली. माती उलटली, तर बोटाएवढी मुळं. लालमध्ये तेच, पांढऱ्यातही तेच.

"अंकल, ही रताळी आहेत की शेवग्याच्या शेंगा?" नेहल खिदळली, पण त्यांचा चेहरा बघून तिने हसू आवरलं.

तिने एक वेल ओढला. उठेचना. पेरापेरातून मुळं फुटून जमिनीत घुसली होती.

"तुम्ही वेल उचलत नव्हता? अर्नाळ्याला मैत्रिणीकडची जयवंती मावशी अधूनमधून उचलून परतते. नाहीतर म्हणे वेल टेकेल तिथे मूळ धरतो आणि रताळं पोसतच नाही. तिचं बघून आचोळ्याला मीही उचलले. इथे म्हटलं, तुम्ही करतच असाल."

अंकल बांधावर बसले. सगळा जन्म रताळी लावण्यात गेला, तेरेसा गेल्यावरची मात्र ही पहिलीच लावणी. खणणं आणि पाणी त्यांच्याकडे. दुपारी ते आडवे झाले की तेरेसा लुगडं खोचून वेलांत वाकलेली असायची. गवत काढत असेल, असंच त्यांना वाटायचं. कधी विचारलंच नाही.

"मग होळी शेवटून पहिली, अं?"

"हो. पण इथे वेल उचलले नव्हते, हेही लिहीन मी. मातीची काही चूक नाही."

"पुढच्या वर्षी पुन्हा लाव. तेव्हा मी उचलीन."

"दहावी आहे ना, अंकल. रविवारीसुद्धा क्लास." तिने पाव संपवला आणि वळणापर्यंत मागे बघत हात हलवत गेली.

अंकलनी वेलांचे शेंडे कापून एक सरी पुन्हा लावली. रविवारी खुर्ची फाटकाकडे ठेवायची सवय काही सुटली नाही. वेल पसरले, तेव्हा एका दुपारी ते आडवे झाले नाहीत. वाकून एकेक वेल उचलला, अलगद पलीकडे टाकला. कोवळी मुळं तुटताना टप्, टप् असा बारीक आवाज येत होता.

अंकल थबकले. हा आवाज ओळखीचा होता. पडवीतल्या खाटेवर डोळा लागता लागता कितीदा तरी ऐकलेला.