तृप्तीबाबांचा उभा चमचा

चमचा पेल्यात उभा राहिला आणि गावदेवीच्या देवळासमोर बसलेली माणसं तो बघायला उठून उभी राहिली. दोनशे तरी असतील. १९९३ सालचा आषाढ होता. डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी गुंडाळलेली, हाताला काम नाही. अशा दिवसांत गर्दी जमवायला फार कष्ट पडत नाहीत.

तृप्तीबाबांच्या अंगात भगवी कफनी होती आणि तिच्यावर डॉक्टरांचा पांढरा कोट. म्हणजे देव मानणारा गार आणि विज्ञान मानणाराही गार.

"माता-भगिनींनो, पोट म्हणजे काय? पोट म्हणजे हा पेला," बाबा सांगत होते. "तुम्ही यात भात टाकता, डाळ टाकता, ती वास मारणारी सुकी मासळी टाकता. दोन तासांत पेला रिकामा. परत भूक हजर. का? अन्नात नव्वद टक्के कचरा. माझ्या डब्यात शंभर टक्के प्रोटीन. माझ्या गुरूंनी हिमालयात साठ वर्षं तप केलं, आणि तोच फॉर्म्युला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आत्ता कुठे सापडला. एक चमचा पावडर, वर दोन पेले पाणी. चमचा उभा राहिला, तसा माणूस उभा राहील."

साठ वर्षं तप करून गुरूंना पावडरच कशी सुचली, हे कोणी विचारलं नाही.

मग त्यांनी मालूला पुढे बोलावलं. बावीस वर्षांची पोर, बाळंत होऊन तीन महिने झालेले. "बोल बेटी, किती दिवस झाले पावडर सुरू करून?"

"महिना झाला."

"भूक लागते?"

"नाय, महाराज."

टाळ्या पडल्या. मालूची सासू मनुबाई अभिमानाने इकडेतिकडे बघत होती. मालूने मात्र बोलताना मंडपाचा बांबू घट्ट धरून ठेवला होता. सगळे चमच्याकडे बघत होते, त्यामुळे तो हात फारसा कोणाला दिसला नाही.

मी हेमा प्रधान. शाळेत शास्त्र शिकवते. मनुबाई अठरा वर्षं आमच्या दारावर मासळी घेऊन येते. माझ्या घरातली दोन बाळंतपणं तिच्या मासळीवर निघाली. ज्येष्ठात ती पाटीभर सुका जवळा घेऊन आली आणि निम्म्या भावात देऊन गेली. जवळा म्हणजे ती बारीक कोलंबी. मी खूश झाले, डबे भरून ठेवले. इतका स्वस्त का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

ते कळलं गेल्या आठवड्यात, मालूचं बाळ बघायला गेले तेव्हा. पोर रडत होतं, आणि त्या रडण्यालाही जोर नव्हता. मालूचं दूध आटत चाललं होतं. महापालिकेच्या दवाखान्याचं कार्ड भिंतीला टांगलेलं होतं. महिन्याभरात बाळाचं वजन काडीभर वाढलं नव्हतं. स्वयंपाकघरात, कोळ्यांच्या घरी पावसाळ्याची बेगमी ठेवतात त्या जागी, बोंबील नाहीत, जवळा नाही. पावडरीचे सात डबे. वर पैलवानाचं चित्र आणि त्याच्या डोक्यावर अन्नपूर्णा.

"महाराज बोलले, सुकी मासली तामसी," मनुबाई म्हणाली. "सगली इकून टाकली न् डबे आनले."

म्हणजे त्या घरातल्या बाळंतिणीच्या तोंडचा घास मी निम्म्या भावात घेतला होता. मला स्वतःची लाज वाटली आणि मनुबाईचा भयंकर राग आला. जिने आयुष्यभर अर्ध्या डोंबिवलीला खाऊ घातलं, तिनेच स्वतःच्या घरची चूल थंड करावी?

"मनुबाई, पोर वाळतंय."

"बाय, आईच्या अंगातला कचरा निंगतोय, म्हनून पोर रडतंय. महाराज बोलले, सव्वा महिना कळ काढा."

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"ती बोलली, जेवा. जेवा काय, कोन पन सांगल."

खरं औषध इतकं साधं होतं की कोणाला ते औषधच वाटेना. दुसऱ्या दिवशी मी जवळ्याचे डबे परत नेऊन दिले. मनुबाईने ते तसेच माझ्या हातात ठेवले आणि नमस्कार केला. मालू दारात उभी होती. तिने डब्यांकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी येताना पुडीत थोडी पावडर तेवढी घेऊन आले, ती शाळेच्या प्रयोगशाळेत तपासली, आणि आज पिशवीत परीक्षानळ्या घालून इथे बसले होते.

टाळ्या थांबल्यावर मी उठले. "महाराज, यात शंभर टक्के प्रोटीन आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग तपासून दाखवते. खरं असेल तर तुमचंच नाव होईल."

बाबांचा चेला पुढे सरसावला, पण कोळीवाड्यातले जुने जाणते दामाजी पुढच्याच रांगेत बसले होते. ते म्हणाले, "बघूया की. बाय आमच्या पोरांना शिकवतात." आता नाही म्हणायची सोय उरली नाही. बाबा हसले. "विज्ञानाचं स्वागत आहे," म्हणाले.

मी चार नळ्या स्टँडला लावल्या. एकीत अंड्याच्या पांढऱ्याचं पाणी, दुसरीत भिजवून वाटलेल्या हरभऱ्याचं गाळलेलं पाणी, तिसरीत तसंच जवळ्याचं. चौथीत बाबांच्याच डब्यातली पावडर, सगळ्यांसमोर काढून कालवलेली. प्रत्येकीत कॉस्टिक सोडा घातला आणि वरून मोरचुदाच्या पाण्याचे चार-चार थेंब सोडले. "प्रोटीन असेल तर रंग जांभळा होतो," मी सांगितलं. "नसेल तर मोरचुदाचा निळा तसाच राहतो."

अंड्याची नळी जांभळी झाली. हरभऱ्याची झाली. जवळ्याची झाली, तेव्हा मागच्या बायका पुढे आल्या. चौथी नळी निळी ती निळीच. मी ती हलवली, उजेडाकडे धरली, रांगेत फिरवली.

"माझ्या चूर्णाच्या तेजापुढे ते रसायन फिकं पडलं," बाबा म्हणाले. "आणि श्रद्धा नसलेल्या हाताला प्रोटीन दिसत नाही."

"अंड्यातलं बरं दिसलं," मी म्हणाले. "अंड्यावर तर माझी काहीच श्रद्धा नाही."

लोक हसले, पण एका बाईने विचारलंच, "मग बाय, चमचा कसा उभा ऱ्हायला?"

मी पिशवीतून दुसरी पुडी काढली, रिकाम्या पेल्यात ओतली, पाणी घालून ढवळलं आणि थांबले. पाणी दाट होत गेलं. मी चमचा रोवला आणि हात काढला. तो उभा राहिला.

"हे स्टेशनजवळच्या वाण्याकडचं इसबगोल आहे. भुशी. पाणी शोषून फुगते. बाबांच्या डब्यात हीच आहे, सोबत पिठीसाखर आणि वासाला व्हॅनिला."

दामाजींनी पेला हातात घेऊन वास घेतला. "ही भुशी तर मी धा वर्सं घेतंय, पोट साफ व्हायला. मना कवा कोन महाराज नाय बोलला."

हशा ओसरल्यावर मी सांगितलं. भुशी वाईट नाही. दामाजींच्या वयाला गुणकारी आहे. पण जेवणाआधी ती आणि वर दोन पेले पाणी घेतलं, की पोट फुगतं, गच्च वाटतं, आणि माणूस दोन घास खाऊन उठतो. पोट भरलं असं वाटणं वेगळं आणि अंगाला अन्न मिळणं वेगळं. हरभरे, डाळ-भात, जवळ्याचं कालवण यांनीही पोट भरतं, चांगलं चार तास भरतं, आणि वर रक्त होतं, दूध होतं. भुशीचं दूध होत नाही.

तोवर चेल्याने डबे खोक्यात भरायला घेतले होते. बाबांना टिटवाळ्यातल्या दुसऱ्या सभेची आठवण झाली. कोणी त्यांना अडवलं नाही, जाब विचारला नाही, उलट दोघी-तिघी पाया पडल्या. एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मग बाय, चांगली पावडर कंची घ्यावी?" त्या क्षणी चारही नळ्या खाडीत फेकून घरी जावंसं वाटलं.

मनुबाई जागची हलली नव्हती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. ती मालूला म्हणाली, "तू तर बोललीस, भूक लागत नाय."

मालूने बांबू सोडला. मग म्हणाली, "पोट गच्च वाटायचं, ते खरं हाय. पन हात कापायचे. बालाला घेतलं की डोल्यासमोर कालोख यायचा. तुमी समद्यांना सांगत फिरलात, माज्या सुनेला भूक लागत नाय. मग मी कशी बोलू?" मग, दोनशे माणसांसमोर, खाली मान घालून: "आई, मना भूक लागलीय."

मनुबाईने तोंडाला पदर लावला. शेजारची शांताबाई उठली आणि घरातून भात आणि मसुराची आमटी घेऊन आली. मालू तिथेच पायरीवर बसून जेवली. तिचं पोर मी धरलं होतं. तिने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मनुबाईने तो स्वतःच्या हाताने वाढला.

महिना गेल्यावर मनुबाई दवाखान्याचं कार्ड मला दाखवायला घेऊन आली. वजन वाढलं होतं. खूप नाही, पण वाढलं होतं. बाबांची सभा त्या दिवशी शहाडला होती, असं तिनेच सांगितलं. तिथेही चमचा उभा राहिला असेल.

मला प्रत्येक सभेला जाता येत नाही आणि प्रत्येकाच्या घरी मोरचूद नसतं. त्याची गरजही नाही. उद्या कोणी सांगेल, माझ्या डब्याने भूक लागत नाही, तेव्हा पेल्याकडे बघू नका. जिला तो डबा दिलाय तिच्याकडे बघा. ती नीट उभी राहते का, तिचं मूल वाढतं का, आणि ती खरं बोलायला घाबरत तर नाही ना, एवढं तपासा. आणि तिला आधी जेवायला वाढा.