सातव्या होलची वरची टी

माझ्या बहिणीला तुम्ही मारलंत. गोल्फ क्लबच्या कमिटीतल्या नऊच्या नऊ जणांनी. चेंडू दातांच्या डॉक्टरने मारला हे मलाही माहीत आहे, मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. पण त्याला जिथे उभं केलंत ती जागा तुम्ही ठरवलीत, त्याच्या पुढ्यात पाटी तुम्ही लावलीत, आणि चेंडू कुठे पडणार हे तुम्हाला दीड महिना आधी सांगितलेलं होतं.

तुमची नोटीस मिळाली. सचिवांचा कोपर फोडल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणता. देतो. पण कोपरापासून नाही सुरू करणार.

तुमच्यातले निम्मे जण सातव्या होलवर गाडीतून उतरतच नाहीत, म्हणून आधी ते होल सांगतो. पार-थ्री आहे. एका फटक्यात ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर यायचं, दोन फटक्यांत चेंडू भोकात. चूक झाली तर सावरायला पुढचा फटका नाही, म्हणून अशा होलवर सगळा खेळ पहिला फटका कुठून मारता यावर असतो. ती जागा म्हणजे टी. रोज सकाळी तिथे दोन लाल ठोकळे मी ठेवतो आणि खेळणाऱ्याने त्या दोघांच्या मधून मारायचं. चौदा वर्षं ठेवतोय.

सातव्याचं ग्रीन बुटाच्या तळव्यासारखं आहे, लांबट आणि अरुंद. जुनी टी टाचेच्या बाजूला, ग्रीनच्याच पातळीवर होती. तिथून ग्रीन लांबीत दिसायचं. चौतीस यार्ड खोल. चेंडू दहा यार्ड जास्त गेला तरी गवतावरच. पंपाची खोली आणि यंत्रं धुवायचं अंगण पार उजव्या हाताला राहायचं. तिकडे चेंडू गेलेला चौदा वर्षांत मी पाहिला नाही.

मग तुम्ही तो आराखडेवाला आणलात. तो डाव्या अंगाच्या टेकाडावर चढला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘इथून मारलं तर काय दिसेल!’ दिसतं खरंच. साठ फूट खाली ग्रीन बशीएवढं दिसतं. पण तिथून ते आडवं दिसतं. खोली बारा यार्ड. आणि बारा यार्डांच्या मागे, त्याच रेषेत, चौदा यार्डांवर धुवायचं अंगण.

ग्रीन इंचभरही हललं नाही. माणूस उभा राहायची जागा तेवढी हलली.

आता उंचीचं ऐका. सपाटीवर चेंडू जिथे जमिनीला टेकतो, तिथे टेकाडावरून मारलेल्या चेंडूखाली अजून साठ फूट हवा असते. तो पुढे जातच राहतो. आमचा धोपट हिशोब आहे, तीन फूट उताराला एक यार्ड. साठ फुटांना वीस. म्हणजे अंतर एकशे अडुसष्ट यार्ड असलं तरी काठी एकशे अठ्ठेचाळीसची काढायची, कारण प्रत्येक काठीचं अंतर ठरलेलं असतं. तुम्ही पाटी लावलीत एकशे अडुसष्टची. पाटीवर भरवसा ठेवून जो नीट मारेल, त्याचा चेंडू भोकाच्या वीस यार्ड पुढे पडणार. भोक ग्रीनच्या मधोमध. सहा यार्ड ग्रीनचे, पुढचे चौदा मी आत्ताच सांगितले. वाईट मारणारा वाचवेल, चांगला मारणारा मारेल, असं ते होल तुम्ही करून ठेवलंत.

मला हे अंदाजाने कळलं नाही. क्लब बंद असतो त्या वारी मी अंगणाला कुलूप घालून वर गेलो, पाटीप्रमाणे काठी घेतली आणि वीस चेंडू मारले. चौदा अंगणात. ते बादलीत भरले आणि सचिवांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

‘हे काय?’

‘साहेब, अंगणातून वेचले. वरच्या टीवरून मारलेले.’

‘तू मेंबर आहेस का?’

‘नाही साहेब.’

‘मग खेळलास कसा?’

विसांतले चौदा अंगणात पडले, तिथे आमची माणसं दिवसाचा अर्धा तास उभी असतात, आणि या माणसाला मी खेळलो कसा याची पडली होती. मी म्हटलं, पाटीवर एकशे अठ्ठेचाळीस लिहू या. ते म्हणाले, पाटीवर नकाशातलं अंतर जाईल. म्हटलं, मग ग्रीनमागे जाळी लावू. ‘जाळी फोटोत येईल.’ मग ठोकळे निदान टेकाडाच्या खालच्या पायरीवर ठेवतो म्हटलं, तिथून कोन बदलतो. ‘ठोकळे वर. अगदी कडेला. आणि ती बादली उचल, टेबल ओलं होतंय.’

त्यांनी हे कमिटीपुढे ठेवलं. मी चहाच्या खोलीबाहेर उभा होतो, आतून हसल्याचा आवाज आला. कोणीतरी म्हणालं, ‘गवतवाल्याचा नेम चांगला आहे म्हणायचा.’

आता माझी बहीण. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो, तिच्यापेक्षा वयाने मोठे लोकसुद्धा. ग्रीन कापायचं यंत्र अकरा वर्षं तिच्या हातात होतं. तिचा नवरा, माझे दाजी, पंपावर. सकाळी सहाला दोघं भांडतच यायची.

‘आधी तुझं यंत्र ओरडतं, मग तू ओरडतेस,’ दाजी म्हणायचे. ‘मी ऐकू कुणाचं?’

‘यंत्राचं ऐका. ते निदान तेल दिलं की गप्प बसतं.’

‘तू कशाने बसतेस ते सांग ना, तेही आणतो.’

‘तुम्ही तिकडं पंपावर जा, म्हणजे बसते.’

आमच्यात एक रीत आहे. ती कुठल्या पुस्तकात नाही आणि तुम्हाला कधी विचारावीशी वाटली नाही. ग्रीनवर माणूस काम करत असेल तर झेंडा काढून गवतावर आडवा ठेवायचा. काम संपलं की उभा करायचा. आडवा म्हणजे थांबा, उभा म्हणजे मारा. आक्का कापून झालं की झेंडा उभा करायची, यंत्र ढकलत अंगणात न्यायची आणि नळी लावून धुवायची. जुन्या टीवर यात काहीच चुकीचं नव्हतं. ग्रीन मोकळं झालं की ती सुरक्षित. टी टेकाडावर गेली आणि तीच रीत उलटी झाली. आता झेंडा उभा राहायचा तो नेमका ती रेषेत जाऊन उभी राहते तेव्हा.

हे माझ्या लक्षात आलं होतं का? चेंडूंचं आलं होतं. झेंड्याचं नाही. रोज हाताने केलेली गोष्ट डोक्यात येतच नाही. शिवाय मला वाटत होतं, वरची टी स्पर्धेच्या दिवशीच उघडणार, अजून तीन आठवडे आहेत, तोवर जाळीचं काहीतरी होईल.

त्या सकाळी पावणेसातला सचिवांचा फोन. फोटोवाला येतोय, दातांचे डॉक्टर फटका मारणार आहेत, ठोकळे वर ने. मी नेले. खाली आक्का ग्रीन कापत होती, झेंडा आडवा होता. यंत्र चालू असताना तिला फोन ऐकू यायचा नाही, म्हणून केलाच नाही. म्हटलं, झेंडा आडवा आहे तोवर कोण मारतंय. ठोकळे लावू, खाली जाऊन सांगू.

डॉक्टर ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आले. फोटोवाल्याने त्यांची टोपी सरळ केली. डॉक्टरांनी पाटी वाचली, काठी काढली. मी ठोकळ्यापाशी वाकून गवत बसवत होतो. फोटोवाला म्हणाला, ‘झेंडा उभा आहे बघा, छान, आता मारा.’

मी मान वर केली तेव्हा काठी खाली येत होती. ‘थांबा’ म्हणायलासुद्धा तोंड उघडायला लागतं.

फटका उत्तम होता. त्या आवाजावरून कळतं. चेंडू सहा सेकंद हवेत होता. सहा सेकंद मी ओरडत होतो आणि खाली नळी चालू होती, तिला पाण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ‘वा!’ फोटोवाला म्हणाला, ‘मिळाला.’

चेंडू तिच्या उजव्या कानामागे बसला. मी पळत, घसरत, अर्धं टेकाड पाठीवर उतरलो. ती यंत्रावर उलटी पडली होती. हातातली नळी सुटून अंगणभर सापासारखी उसळत होती आणि तिच्याच तोंडावर पाणी मारत होती. कानातून रक्त येत होतं, कापलेल्या गवतात मिसळून हिरवट काळं झालं होतं. डोळे उघडे होते. एक माझ्याकडे बघत होता, दुसरा नव्हता. मी कवटीला हात लावला तर तिथे कडक काही लागलं नाही.

दाजी पंपाच्या खोलीतून पाना हातात घेऊन आले. ‘कशावर आपटली?’ एवढंच विचारलं. मी चेंडू दाखवला. तो भिंतीशी जाऊन पडला होता, पांढरा स्वच्छ.

डॉक्टर गाडीतून खाली आले. धापा टाकत म्हणाले, ‘झेंडा उभा होता. मी बघितलं होतं, झेंडा उभा होता.’ खरं बोलत होते. दाजींनी पाना टाकून दिला, हे तुमच्या अहवालात नाही म्हणून लिहितो. टाकून दिला आणि नुसत्या मुठीने डॉक्टरच्या तोंडावर मारलं. पुन्हा मारलं. पुढचे दोन दात गवतात पडले. तिसऱ्यांदा मारताना त्यांचीच बोटं मोडली. मी आवरलं नाही. माझे हात आक्काच्या डोक्याखाली होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. एकदाही बोलली नाही.

पाचव्या दिवशी तुमचा कागद आला. टाइप केलेला. ‘मृत कर्मचारी परवानगी नसलेल्या जागी उभ्या होत्या. टीचे ठोकळे मैदान कर्मचाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने ठेवले होते.’ खाली दाजींची सही, माझी सही, अशा दोन रेघा. सही केली तर दातांची पोलीस तक्रार मागे घेणार होतात. दाजींचा हात प्लास्टरमध्ये. ते म्हणाले, ‘डाव्या हाताने केली तर चालेल का विचार.’ त्यांना हसू आलं आणि ते हसू थांबेना. मला त्यांच्या पाठीवर बसून त्यांना जमिनीवर दाबून ठेवावं लागलं.

मी सचिवांना फोन केला. म्हटलं, सही करतो, पण परवानगी नसलेली जागा म्हणजे नेमकी कुठली ते एकदा येऊन दाखवा. आले बिचारे. फाइल घेऊन सकाळी दहाला अंगणात उभे राहिले. अंगणाला तीन बाजूंनी आठ फुटी तार, चौथ्या बाजूला पंपाच्या खोलीची भिंत. तिच्या दाराला मी कुलूप घातलेलं होतं. फाटकाला साखळी घातली आणि टेकाड चढलो.

वरून फोन लावला. ‘साहेब, झेंडा उभा आहे. बघून घ्या.’

‘कुठे आहेस तू? हे फाटक का लावलंस?’

‘परवानगी असलेल्या जागी उभे राहा, साहेब. मी मारतोय.’

‘वेडा झालास का? पोलीस बोलावतो!’

‘बोलवा. पाटीवर काय लिहिलंय तेही त्यांना सांगा. मी पाटीप्रमाणेच काठी घेतलीय.’

पहिला चेंडू पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर. दुसरा तारेच्या खांबाला लागून परत आला. तिसऱ्याने नळ तोडला, पाणी उडालं. सचिव फाइल डोक्यावर धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळत होते. ओरडत होते, पण एवढ्या उंचीवरून माणूस ओरडतोय की हसतोय ते कळत नाही. हेही मला त्या दिवशीच कळलं. चौथा फुकट गेला. पाचवा त्यांच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचं वरून ऐकू येत नाही, हात लोंबायला लागल्यावर कळतं.

सहावा मी नेम धरून मारणार होतो. डोक्याचा. हे नाकारत नाही.

मागून दाजी आले. प्लास्टरचा हात माझ्या मानेत घालून त्यांनी मला ओढलं, मी कोपराने त्यांच्या बरगडीत मारलं, दोघं ठोकळ्यांवर पडलो. माझी भुवई फुटली. त्यांनी गुडघा माझ्या छातीवर ठेवला आणि डाव्या हाताने थोबाडीत मारत राहिले, एकेका शब्दाला एक.

‘हा मेला तर सगळे याचंच नाव घेतील, गाढवा! कळतंय का? तिचं कुणी घेणार नाही. याचंच घेतील!’

मी काठी सोडली.

आता खुलासा. ठोकळे मी वर ठेवले. सांगितल्यावर ठेवले, पण ठेवले मी. यंत्र चालू होतं म्हणून फोन केला नाही, खाली पळत जायला हवं होतं, गेलो नाही. झेंडा उभा राहिला तेव्हा मी गवत बसवत होतो. सचिवांना पाच चेंडू मारले, एक लागला. हे सगळं माझं आहे आणि खाली माझी सही आहे. पोलिसांपुढेही हेच सांगणार. तुमच्या टाइप केलेल्या कागदावर मात्र सही करणार नाही. दाजीही करणार नाहीत, दोन्ही हातांनी नाही.

आता तुम्ही लिहा. जाळी नको असं त्या बैठकीत कोण म्हणालं? पाटीवरचा आकडा तसाच ठेवा असं कोण म्हणालं? हसलं कोण? आणि त्या सकाळी फोटोवाल्याला वेळ कळवलीत, डॉक्टरांना कळवलीत, मला कळवलीत. खाली ग्रीनवर उभ्या असलेल्या बाईला कळवायचं काम नऊ जणांपैकी कोणाचं होतं?

‘कमिटी’ असं लिहू नका. नाव लिहा.