सरली ती कांडी

मित्रांनो, मी एक जुना धोटा आहे. हातभर लांब, कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादाची नाकं. लूमवर उभ्या ताण्यातून आडवा धागा घेऊन या काठावरून त्या काठावर पळतो, तो मी. माझ्या पोटात एक खोबण आहे. तिच्यात सुताची कांडी बसते. कांडी सरली की लूम थांबतो, नवी बसवली की पुन्हा खडखडाट सुरू.

भिवंडीजवळच्या अंजूर गावात, केसरीनाथबाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांची बायको जानकीबाई कांड्या भरता भरता गुणगुणायची,

धोटा गेला, धोटा आला, ताणा गो बाई भरत गेला,
लेक माझा वाढत गेला, दीस कसा सरत गेला.

पुढे बाबा गेले. लूम भंगारात निघाले, शेडचं गोडाऊन झालं. जानकीबाईंनी मला तेवढं पदराआड घरात आणलं आणि फळीवर ठेवलं. धूळ हीच माझी शाल झाली.

त्या फळीवरून मी दुसरा एक धोटा पाहिला. त्यांची सून, करिष्मा. चूल ते मोरी, मोरी ते अंगण, अंगण ते आजारी लेकराची उशी. थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. लग्नाआधीपासून ती भिवंडीत फखरुद्दीनशेठच्या कारखान्यात कापड तपासायची. सुताची एवढीशी तार सुटलेली असली तरी तिच्या बोटाला कळायची. लेक रुंजी झाली आणि तिनं ते काम सोडलं. मग ती जे विणत राहिली, त्याचा तागा बाजारात जात नाही. ते कापड दोन वेण्या घालून अंगणभर नाचतं.

यंदा रुंजी पहिलीत गेली, दिवसभराच्या शाळेत. तिला सोडून करिष्मा परतली आणि उंबऱ्यावरच बसली. शेजारची ठमाबाई जाता जाता म्हणाली, "मजा हाय गो तुझी! आता रिकामीच ना?"

रिकामी! तो शब्द कुसळासारखा रुतला. घर लखलखीत होतं, तरी ती पुन्हा पुसत राहिली.

अशात एका दुपारी शेठची सून सालेहा आली. रुंजीच्या फ्रॉकसाठी तिनं गुलाबी कापड आणलं होतं. करिष्मानं ते घेतलं, दाराच्या उजेडात धरलं, तळवा फिरवला आणि बोलून गेली, "सालेहा, इथं तार सुटलीय बघ."

दुसऱ्याच क्षणी तिनं जीभ चावली. भेट आलेल्या कापडात कुणी खोट काढतं का!

सालेहा खो खो हसली. "या अल्ला! तोहफ्यालाही चेकिंग! अगं, याचसाठी तर आलेय मी. आमच्याकडे खोट निघून माल परत येतोय. ये ना कामाला."

करिष्माचा चेहरा उजळला आणि लगेच झाकोळला. "इतकी वर्षं हात लावला नाही गं मी. चूक झाली तर? आणि रुंजी घरी आली, दार बंद दिसलं तर? आता मी आईच आहे नुसती. बाकीची मी सरले."

आतून जानकीबाई आल्या. त्यांनी फळीवरून मला काढलं, पदरानं पुसलं आणि करिष्माच्या मांडीवर ठेवलं.

"सरलीस कशी गो? कांडी सरली म्हणून धोटा कोन फेकतं? नवी कांडी घालतान! पोरीला दार उघडायला मी हाय ना. चहा बी करीन. फक्त साखर कुठं लपवतेस ते सांगून जा."

तिघी हसल्या. करिष्मा माझ्या रिकाम्या खोबणीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "रुंजीला विचारते."

रुंजीनं एकच विचारलं, "संध्याकाळी येशील ना?"

"धोटा परत येतोच गं," करिष्मा म्हणाली.

सोमवारी तिनं डबा भरला आणि भिवंडीची रिक्षा धरली. ठमाबाईला हात करायला मात्र विसरली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ पुसा, आणि घरातल्या माणसाला रिकामं म्हणण्याआधी त्याचं विणलेलं पाहा. ते बहुधा तुमच्याच अंगावर असतं.

आणि माझं विचाराल, तर मी आता फळीवर नाही. रुंजीच्या अभ्यासाच्या पाटावर आहे. माझ्या पोटातल्या खोबणीत तिनं आपली पेन्सिल ठेवली आहे. अगदी कांडीसारखी बसली.