एनिडचं किचन

टेबलावर मांडलेला चहा पाहिला आणि हिलरी सग्डन दारातच थबकली.

इस्त्री केलेला टेबलक्लॉथ, ठेवणीतले कप, मधोमध आल्याचा पार्किन केक. खिडकीशी आरामखुर्ची, समोर टीव्ही, खुर्चीच्या हातावर अर्धवट विणलेला मोजा. कौन्सिलचा, म्हणजे नगरपालिकेचा, माणूस पाहणीला येणार म्हणून शेजारच्या एनिड बॅराक्लफनं सकाळपासून आपली खोली लख्ख केली होती. हिलरीच्याच भल्यासाठी. घोटाळा नेमका तिथंच होता.

हिलरीला घराच्या मागे एक खोली वाढवायची होती. नवरा क्लाइव्ह पक्षाघातानंतर पुनर्वसन केंद्रात पडून होता. जिना त्याला चढता येणार नव्हता. बांधकामाची परवानगी मिळाली तर खोली उभी राहीपर्यंत त्याला ठेवून घेऊ, असं केंद्रानं कबूल केलं होतं. नाही मिळाली, तर तो कायमचा नर्सिंग होममध्ये जाणार होता, आणि जागा रिकामी होती ती थेट लांबच्या समुद्रकाठच्या गावात.

सामाईक कुंपणाला लागून घरामागे तीन मीटरपर्यंत बांधायला कौन्सिलची ना नव्हती. पण तीन मीटरमध्ये पलंग आणि न्हाणीघर बसवलं की चाकाची खुर्ची वळत नव्हती. साडेचार हवे होते. आणि तीन ओलांडले की शेजाऱ्याच्या खिडकीच्या मध्यापासून पंचेचाळीस अंशांची रेघ ओढायची. नवी भिंत रेघेपलीकडे गेली तर शेजारचा उजेड अडतो, अर्ज नामंजूर. यातून सुटका एकच. खिडकी राहत्या खोलीची, म्हणजे बसण्या-जेवण्याच्या खोलीची, असेल तरच हा नियम लागू होई. छोटं किचन राहती खोली धरत नसत.

नकाशात एनिडच्या खिडकीपाशी ‘किचन’ असं लिहिलं होतं. हिलरीनंच तसं सांगितलं होतं. एनिड स्वतः त्या खोलीला किचनच म्हणायची, आणि अकरा वर्षं हिलरी त्याच टेबलावर चहा पीत आली होती. किचन आणि जेवणाच्या खोलीमधली भिंत कधीच पाडून एकच मोठी खोली केलेली आहे, हे तिला रोज दिसत होतं. त्याचा काही अर्थ असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

“ये रे पोरा, बूट राहू दे,” एनिड म्हणाली. “हाडं दिसतायत तुझी. कौन्सिलवाले खायला घालत नाहीत वाटतं?”

कौन्सिलचा डॅरन क्रॅबट्री तिशीचा असेल. त्यानं केक घेतला, पण नजर खोलीभर फिरवली.

“मिसेस बॅराक्लफ, ही खोली कशासाठी वापरता?”

“किचन आहे हे.”

हिलरीनं श्वास सोडला.

“आणि जेवता कुठं?”

“इथंच की. उभ्यानं जेवायला मी काय घोडी आहे?”

“एनिड, पुढची खोली पण आहे ना तुमची,” हिलरी पटकन म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच चोरटा वाटला.

“ती? तिथं मरणाची थंडी. हॅरॉल्ड गेल्यापासून दार उघडलं नाही मी.” एनिड डॅरनकडे वळली. “त्र्याऐंशीत त्यानंच ही भिंत पाडली, उजेड यावा म्हणून. बघ ना, किती उजेड! दिवसभर मी इथंच असते. हिच्या खोलीनं थोडा गेला तर काय बिघडतं? भरपूर आहे माझ्याकडे. लिहून घे तसं.”

डॅरननं लिहून घेतलं. पेन थांबेपर्यंत हिलरी त्याच्या हाताकडे बघत राहिली.

“ही राहती खोली आहे, मिसेस सग्डन. नकाशा चुकलाय.”

एनिडचा चेहरा उतरला. “म्हणजे मी घाण केली का?” तिनं दोघांकडे पाहिलं. “मग खोड ते. उद्यापासून पुढच्या खोलीत बसते मी. शाल घेईन.”

“तसं चालत नाही. मला माणूस बघायचा नसतो, खोली बघायची असते. तुमच्यानंतर इथं दुसरं कुणी राहील.”

“अजून मी जिवंत आहे रे!”

डॅरनचे कान लाल झाले. त्यानं केकची बशी सरकवून नकाशा पसरला आणि पट्टी लावली. “आज निकालाची शेवटची तारीख आहे. आहे तसा अर्ज मला फेटाळावा लागेल. पण रेघ कुठं जाते ते बघू.”

पेन्सिल खिडकीच्या मध्यावरून निघाली. नव्या खोलीत खुर्ची वळायची जागा ठिपक्यांच्या वर्तुळानं दाखवली होती. हिलरीची नजर त्या वर्तुळावर खिळली. रेघ कुंपण ओलांडून आत शिरली, खोलीचा एनिडकडचा कोपरा तिनं उडवला, कपाट मधोमध कापलं आणि वर्तुळाची कड खाऊन बाहेर पडली.



हिलरी वाकली. कोपऱ्यात कपाट होतं. पलीकडच्या भिंतीशी पलंग होता, आणि पलंगाच्या पायथ्याशी मोकळी जागा. ती कपाटाचं दार उघडावं म्हणून सोडलेली.

“कपाटच नको,” ती म्हणाली. “कपडे वर राहतील, मी आणून देईन. वर्तुळ इकडे सरकवा. मग कोपरा छाटून भिंत तिरकी घेतली तर?”

डॅरननं पट्टीनं मोजलं. पुन्हा मोजलं. “बसतंय. जेमतेम. पण मला सुधारलेला नकाशा हवा, चारच्या आत. आणि छपराला कौलं जुन्या घरासारखीच लागतील.”

हिलरीनं तिथूनच नकाशे काढणाऱ्या नेव्हिलला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचं नाव दाबलं गेलं. नेव्हिलचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

“तिरकी भिंत? टोक छाटलेल्या चीजच्या तुकड्यासारखी दिसेल, हिलरी. माझं नाव आहे त्या कागदावर. दोन दिवस दे, काहीतरी बरं सुचवतो.”

“दोन दिवस नाहीत माझ्याकडे, नेव्हिल.”

“पण किती कुरूप—”

एनिडनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

“ए बाबा, ती तिरकी भिंत कुणाच्या खिडकीतून दिसणार आहे? माझ्या. उरलेला जन्म मीच बघणार आहे ना तिच्याकडे? मग तू कशाला रडतोयस? काढ मुकाट्यानं!”

मग नेव्हिलनं विचारलं, “रेघ कुठून धरायची?”

डॅरननं फोनसाठी हात पुढे केला आणि आकडे सांगायला सुरुवात केली.