विमानतळाजवळ जागा धरून बसलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे, आणि परस्परांवरचा विश्वास हा आमच्या मुलुंडच्या घराचा पाया आहे. माझ्या स्टिअरिंगला एक कुलूप आहे, गिअरला दुसरं, आणि दोन्हींच्या किल्ल्या घरात वेगवेगळ्या ठिकाणी लपवलेल्या असतात. कुठली कुठे, हे फक्त आमच्या नंदकिशोररावांना ठाऊक. कुंदाताईंनाही नाही. त्या त्यांच्या पत्नी आहेत.

माझी निवडही अशीच झाली. शोरूममध्ये दारातच उभी केलेली गाडी विक्रेता मुद्दाम गळ्यात मारतोय, असा नंदकिशोररावांना संशय आला. मी मागच्या कोपऱ्यात होते, म्हणून मला घेतलं. कुंदाताईंनी हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यांची लेक गंधाली तेव्हा बालवाडीत होती. मागची डावी खिडकी तिची, हे पहिल्याच दिवशी भांडून ठरलं.

ते दिवस चांगले होते. दर मे महिन्यात आम्ही चिपळूणला जायचो. कशेडी घाटात भल्या भल्या गाड्या वाफ सोडत उभ्या असायच्या आणि मी न थांबता वर जायचे. मग नंदकिशोरराव माझ्या बॉनेटवर थाप मारायचे. तेवढं कौतुक मला पुरायचं. पुढे गंधाली नोकरीला लागली, मेट्रोने जाऊ लागली. माझा रंग उडाला, मागची डावी काच अडकू लागली, आणि शेजारी येता-जाता म्हणू लागले, काका, काढा आता ही. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मोटारीला दुसरं काय करता येतं?

यंदा कुंदाताईंच्या भाचीचं लग्न इंदूरला निघालं. तिघांची विमानाची तिकिटं काढली. टॅक्सी नको, असं नंदकिशोररावांनी जाहीर केलं. बॅगा घेतलेली तिघं पाहिली की ड्रायव्हरला कळतं, घर रिकामं आहे. तेव्हा माझी आठवण झाली. मी हरखून गेले. प्रश्न एवढाच उरला, की मला आठवडाभर ठेवायचं कुठे.

विमानतळाच्या वाहनतळाचा दर त्यांनी मोबाइलवर दोनदा वाचला आणि कुंदाताईंना विचारलं, "हे भाडं गाडीचं आहे की खोलीचं?"

मग आम्ही मरोळला एका गल्लीत पत्र्यांच्या कुंपणाआड स्वस्तातली जागा बघून आलो. तिथला माणूस सभ्य होता. गाड्या मागेपुढे कराव्या लागतात, तेव्हा किल्ली ठेवून जा, म्हणाला. परतीच्या वाटेवर नंदकिशोरराव पवईपर्यंत आरशात मागे बघत होते. मग म्हणाले, "किल्ली दिली की ही आठवडाभर कुणाच्या तरी वरातीत फिरणार." खरं सांगते मित्रांनो, मला ती कल्पना वाईट वाटली नाही.

शेवटी मावसभाऊ आठवला. भाऊराव अंधेरीला राहतात. त्यांच्याकडे गाडी नाही, पण सोसायटीत गाडीची जागा आहे. बाहेरच्या गाड्या तिथे रात्री ठेवायला बंदी आहे. "भाऊराव, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," असं म्हणून नंदकिशोररावांनी त्यांना बजावलं, की ही गाडी कुणाची हे कुणालाही सांगायचं नाही. आणि ती जागा भाऊराव ऐन वेळी दुसऱ्याला देतील या भीतीने मला दोन दिवस आधीच तिथे नेऊन उभं केलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. चोरांची सोय नको म्हणून माझी बॅटरी काढली, वायपर काढले, दोन्ही पिशवीत घातले. नंबर दिसू नये म्हणून आच्छादन गाठी मारून बांधलं, आणि ते पिशवी घेऊन रिक्षाने घरी गेले.

सोसायटीच्या सेक्रेटरी रत्नप्रभा सबनीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं आच्छादन उचलून पाहिलं. समोरून भाऊराव भाजी घेऊन येत होते.

"भाऊराव, तुमच्या जागेत ही कुणाची?"

"मला काय माहीत? मी पण तेच बघतोय."

दिलेला शब्द पाळणारा माणूस इतका घातक असतो, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी पोलीस चौकीवर कळवलं. तिथून उत्तर आलं, बघतो. 'बघतो' या शब्दावर बाईंचा विश्वास नव्हता. त्यांनी कुर्ल्याचा एक भंगारवाला बोलावला. तो माझ्यावर बोटांनी टकटक करून म्हणाला, "बॅटरी नाय, वायपर नाय. आधीच खाल्लीय हिला कुणीतरी. टोचनने ओढून न्यावी लागेल."

कुर्ल्याला दार एका दुकानात जातं आणि इंजिन दुसऱ्या. हे मला गॅरेजमधल्या गाड्यांकडून कळलं होतं.

रविवारी सकाळी टोचनवाल्याने माझ्या पुढच्या अंगाला साखळी अडकवली, आणि त्याच वेळी विमानातून उतरलेली तिघं बॅगांसह फाटकात आली. नंदकिशोरराव धावत सुटले. गाडी माझी आहे, म्हणाले.

"कशावरून?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

कागद त्यांनी घरी ठेवले होते. किल्ली दाखवली, तर बाई म्हणाल्या, किल्ली चोराकडेही असते. भाऊरावांना खाली बोलावलं. हा माझा मावसभाऊ, गाडी त्याचीच, असं भाऊराव म्हणाले. यावर बाई म्हणाल्या, त्या दिवशी तर गाडी कुणाची ते माहीत नव्हतं, आज भाऊ निघाला का?

तेवढ्यात गंधालीने ती किल्ली घेऊन माझं मागचं दार उघडलं. आत बसली, डाव्या काचेवर दोन्ही तळवे दाबले, काच आधी थोडी वर ढकलली, खांद्याने दाराला धक्का दिला आणि अलगद खाली सरकवली. ती काच गॅरेजवाल्यालाही कधी उघडता आली नव्हती.

"चोर एवढं शिकत बसणार नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "काढा साखळी. आणि आत्ताच्या आत्ता न्या हिला इथून."

नंदकिशोररावांनी ऐटीत किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

"बॅटरी मुलुंडला आहे," कुंदाताई म्हणाल्या. "देवघराखाली."

मित्रांनो, जुन्या गाडीची काळजी घ्या, पण इतकी नको, की ती चोरीची वाटेल. आमच्या घरी या उपदेशाचा फारसा उपयोग झाला नाही. त्याच टोचनने मला मुलुंडला आणलं. ड्रायव्हरचा भरवसा नाही म्हणून नंदकिशोरराव त्याच्या शेजारी बसले. कुंदाताई आणि गंधाली टॅक्सीने गेल्या.

जातानाही तिघं विमानतळावर टॅक्सीनेच गेली होती.