घाटाखाली संपलेलं चार्जिंग

कोल्हारचे मच्छिंद्र आणि कल्याण हे मित्र नागापूरच्या एकाच वर्कशॉपात लेथ मशीनवर कामाला होते. दहा वर्षं दोघं डबलसीट जायचे. एक आठवडा मच्छिंद्रची गाडी, एक आठवडा कल्याणची. ठरलेलं एकच: पंक्चर होवो की चेन तुटो, गेटवर हजेरी लावायची ती दोघांनी मिळून.

इलेक्ट्रिक मोटरसायकलचं खूळ कल्याणनंच काढलं. "पेट्रोलपायी रोज नोटा जाळतोय आपुन. तू आदी घे, मागनं मी घेतो." त्याच्या शब्दाखातर मच्छिंद्रनं चांगली चालती पेट्रोलची गाडी बदल्यात देऊन टाकली. शोरूमवाल्यानं एका चार्जिंगला सव्वाशे किलोमीटर सांगितले. ते सपाट रस्त्यावर आणि एकट्या माणसाचे, हे सांगायला तो सोयीस्कर विसरला. "वस्तीवरची लाईट तुमची ड्युटी इचारून येती का?" असं मच्छिंद्रची बायको रुपाली म्हणालीही. पण कल्याणपुढं बायकोचं ऐकतो कोण! त्या दिवसापासून कल्याणची गाडी घरीच राहू लागली, तेही या भल्या माणसाला खुपलं नाही.

कंत्राटातल्या या दोघांपैकी एकालाच कंपनी कायम करणार होती. सोमवारी सकाळी आठला साहेब दोघांचं काम बघणार होते. हाताची सफाई मच्छिंद्रचीच. कल्याणही ते चारचौघांत कबूल करायचा.

नेमकी रविवारी वस्तीवरची लाईट गेली. सकाळी अर्ध्या चार्जिंगवर दोघं निघाले आणि विळद घाटाच्या पायथ्याशी गाडीनं मान टाकली. पेट्रोल असतं तर कुणाकडून बाटलीभर मागून आणलं असतं. वीज कशात आणायची?

तेवढ्यात ओळखीचा एक मोटरसायकलवाला थांबला. कल्याण चटकन मागं बसला. "तू गाडीपाशी थांब. मी साहेबाला सांगून तुझा नंबर मागं लावतो. काळजी करू नगंस."

मच्छिंद्रनं खरंच काळजी केली नाही. ढकलत ढकलत गाडी ढाब्यावर नेली, हातापाया पडून प्लग मिळवला आणि साडेदहाला कंपनी गाठली.

"झाली निवड. कल्याण," सुपरवायझर नारायण कुलकर्णी म्हणाले.

"पर मी घाटात अडकल्तो! त्यानं सांगितलं न्हाई?"

"सांगितलं ना. म्हणाला, शंभरदा बजावलं होतं, ही गाडी घेऊ नको म्हणून. ऐकतच नाही. अशा माणसाचा काय भरवसा, असंही म्हणाला."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. बॅटरीचा मच्छिंद्रला राग आला नाही. तिनं निदान आकडा खरा दाखवला होता.

सुटी झाल्यावर कल्याण नेहमीसारखा गाडीपाशी येऊन उभा राहिला. सीटवर हात ठेवून म्हणाला, "झाली का रं चार्ज? चल, आंधार पडंल."

"एकट्यापुरतीच झालीय," मच्छिंद्र म्हणाला आणि त्याचा हात बाजूला करून निघाला.

गाडी दिवसभर वॉचमनच्या केबिनपाशी चार्जिंगला लावलेली होती, पुरती भरलेली होती. दहा वर्षांत मच्छिंद्र कल्याणशी पहिल्यांदाच खोटं बोलला.